परक्या यंत्रातले बिऱ्हाड

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ हे वाक्य एकदाही ऐकले नाही असा मनुष्य आज महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. परीक्षेचा अर्ज भरताना, सात-बारा काढताना, रेशनच्या दुकानात अंगठा लावताना हा सर्व्हर नावाचा प्राणी कुठेतरी आडवा पडतो आणि आपण हात हलवीत घरी परततो. त्याचे दर्शन मात्र कुणालाच झालेले नसते. अवर्षणासारखे किंवा भारनियमनासारखे हेही एक संकट आहे, त्यापुढे कुणाचा इलाज नाही, अशी आपण मनाची समजूत घालून घेतलेली असते. वास्तविक सर्व्हर म्हणजे दुसऱ्यांनी मागितलेले त्यांना काढून देण्यासाठी रात्रंदिवस चालू ठेवलेला एक संगणक, यापलीकडे काही नाही. तो कुणीतरी सांभाळायचा असतो. हे सांभाळणे कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखे आहे, एवढे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

माझा या गोष्टीशी संबंध कसा आला ते आधी सांगते. आपल्या ग्रंथालयाच्या मागच्या कपाटात याच वार्षिकाचे जुने अंक आहेत. त्यांतल्या काहींची पाने बोट लावताच तुटतात, आणि खालच्या खणाला वाळवीने एकदा भेट दिलेली आहे. त्या अंकांतले लेख टंकून कुणालाही, कुठूनही वाचता येतील असे ठेवावेत, अशी कल्पना मराठी विभागातल्या आम्हा चौघांच्या डोक्यात आली. प्राचार्यांनी लेखी परवानगी दिली. गेल्या जुलैत आम्ही एक आभासी सर्व्हर भाड्याने घेतला, आणि आजवर सात अंक त्यावर चढले आहेत.

कुणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठी? फुकट जागा देणाऱ्या कंपन्या थोड्या का आहेत? आहेत खऱ्या. पण फुकटच्या जागेचा मालक कधी दार लावील याचा नेम नसतो. अमेरिकेत जिओसिटीज नावाची अशी एक वसाहत होती. लक्षावधी लोकांनी तिथे आपापली पाने मांडली होती. २००९ च्या ऑक्टोबरात याहू कंपनीने ती बंद केली. काही हौशी मंडळींनी धावपळ करून हाती लागले तेवढे उतरवून घेतले, म्हणून थोडेफार तरी उरले. आमचे अंक कपाटातल्या वाळवीतून सोडवून दुसऱ्या वाळवीच्या हवाली करण्यात काय अर्थ होता?

आता ‘आभासी’ म्हणजे काय? घरी ही गोष्ट काढली तेव्हा अण्णा म्हणाले, “म्हंजे खोली भाड्यानं घेतली म्हन. पर ती दिसत न्हाई, तिथं जाता येत न्हाई, आन् म्हैन्याला पाचशे रुपये भाडं?” आमचे अण्णा बाजार समितीत हमाली करतात, मालाचे वजन खांद्यावर घेतल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, तेव्हा अशा प्रश्नांची उत्तरे मलाच द्यावी लागतात. पण त्यांनी काढलेला खोलीचा दाखला अगदी नेमका होता, आणि पुढे मी सर्वांना तोच देऊ लागले.

शहरात राहायची सोय तीन प्रकारे होते. ऐपत असेल तर अख्खा बंगला घ्यावा. नसेल तर कॉट बेसिसवर राहावे: खोली एक, माणसे सहा, नळ एक, आणि घरमालकाचे नियम भिंतीवर टांगलेले. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे मोठ्या इमारतीत स्वतःचा स्वतंत्र ब्लॉक. जमीन, जिना, पाण्याची टाकी सर्वांची एकच. पण दाराच्या आत तुमचे राज्य. संगणकाच्या जगातही हेच तीन प्रकार आहेत. अख्खे यंत्र भाड्याने घेता येते, पण ते महाग पडते. एकाच यंत्रावर शेकडो जणांची पाने नांदतात ती कॉट बेसिसची व्यवस्था. तिथे पाने ठेवण्यापलीकडे फारसा अधिकार मिळत नाही. आभासी सर्व्हर म्हणजे ब्लॉक.

ही विभागणी विटामातीची नसून एका प्रोग्रामने केलेली असते. मूळ यंत्र चांगले दणकट. त्याला डझनावारी प्रोसेसर आणि शेकडो जीबी स्मृती. त्यावर बसलेला हा प्रोग्राम प्रत्येक भाडेकरूला असा भास करून देतो की, हा एवढा प्रोसेसर, ही एवढी स्मृती आणि ही एवढी डिस्क हाच तुझा संगणक. भाडेकरूची कार्यप्रणाली त्यावर सुखाने चालते. शेजारी कोण राहतो याचा तिला पत्ता नसतो. कल्पना नवी मुळीच नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत केंब्रिज येथे आयबीएमच्या केंद्रात एका महागड्या यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करता यावे म्हणून हा प्रयोग झाला, आणि १९७२ साली त्या कंपनीने ‘व्हीएम/३७०’ या नावाने तो बाजारात आणला. पुढे २००७ साली ‘केव्हीएम’ नावाची अशीच सोय लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाली. आज अनेक कंपन्यांचे ब्लॉक तिच्या जोरावर उभे आहेत.

आमचा ब्लॉक अगदीच लहान आहे: एक प्रोसेसर, १ जीबी स्मृती, २५ जीबी डिस्क. मजकुराच्या पानांना एवढे पुष्कळ होते. यंत्र मुंबईत असलेले निवडले. अमेरिकेतले घेतले असते तरी चालले असते. पण निरोप जाऊन उत्तर यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी मोडतो आणि एका पानासाठी असे अनेक हेलपाटे होतात. कार्यप्रणाली म्हणून उबुंटू लिनक्स घेतली, तीही ‘एलटीएस’ म्हणजे दीर्घ मुदतीची. ही आवृत्ती सम वर्षांच्या एप्रिलात निघते आणि पाच वर्षे तिची डागडुजी फुकट होत राहते. डेबियनही तितकीच भरवशाची आहे. नवशिक्याने या दोहोंपैकी एक घ्यावी आणि निवडीचा काथ्याकूट तिथेच थांबवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सात दिवस प्रणाली निवडण्यात घालवून आठव्या दिवशी उत्साह मावळलेले लोक मी पाहिले आहेत.

भाडे भरले की काही मिनिटांत हाती एक पत्ता पडतो: टिंबांनी तोडलेले चार आकडे. त्या पत्त्यावर जायचे कसे? तिथे पडदा नाही, माऊस नाही, चित्रे नाहीत. आपण एक ओळ टंकायची, तिकडून काही ओळी उत्तरादाखल यायच्या. एका दृष्टीने हा पत्रव्यवहारच, आणि भाषेच्या विद्यार्थ्याने त्याला का भ्यावे? या आज्ञा रोमन लिपीत लिहाव्या लागतात. इथे मी त्यांचे उच्चार देत आहे. त्यांचे व्याकरण संस्कृतच्या मानाने फारच सोपे. आधी क्रियापद, मग ते कसे करायचे ते, शेवटी कशावर करायचे ते. पंचवीसेक क्रियापदे आली की रोजचा व्यवहार चालतो. यासाठी स्वतःचा संगणक हवाच असेही नाही. माझ्याकडे तो नाही. प्रयोगशाळेत आठवड्याचे दोन तास मिळतात, बाकी सारे काम मी मोबाइलवर ‘टर्मक्स’ नावाच्या ॲपमधून करते. बोटे दुखतात, एवढेच.

सर्व्हरपर्यंत जाण्याच्या रस्त्याचे नाव एसएसएच. त्याचा जन्म चोरीतून झाला. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कुणीतरी चोरून कान लावला आणि उघडे जाणारे हजारो परवलीचे शब्द टिपले. त्या काळी परवलीचा शब्द तारेवरून पोस्टकार्डासारखा जात असे. वाटेतल्या कुणीही वाचावा. तिथल्याच तातू यलोनेन या संशोधकाने त्यावर उपाय म्हणून हा बंद लिफाफ्याचा मार्ग तयार केला. पहिल्यांदा जाताना सर्व्हर आपल्या बोटाचा ठसा दाखवतो आणि ‘ही ओळख मान्य आहे का?’ असे विचारतो. बहुतेक जण न वाचताच ‘येस’ टंकतात. कंपनीच्या पानावरून उघडणाऱ्या खिडकीत खरा ठसा पाहता येतो, तो ताडून मग होकार द्यावा. एकदाच करायचे असते.

यापुढचा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण बिऱ्हाडाची सारी सुरक्षितता त्यावर आहे.

नव्या सर्व्हरवर ‘रूट’ नावाचा एकच सर्वाधिकारी असतो. त्याला कशाचीच मनाई नाही. ‘सगळे पुसून टाक’ म्हटले तर तो पुसून टाकतो. ‘खरंच का हो?’ असे सहसा विचारत नाही, आणि इथे कचऱ्याची टोपलीही नसते की जिच्यातून उचलून परत घ्यावे. म्हणून पहिले काम म्हणजे स्वतःच्या नावाचा साधा वापरकर्ता उघडणे आणि त्याला ‘सुडो’चा अधिकार देणे. मग एरवी तुम्ही साध्या माणसासारखे वावरता, आणि मोठे काम करायचे तेव्हाच आज्ञेपूर्वी ‘सुडो’ टंकता. त्या चार अक्षरांत विचार करायला क्षणभर मिळतो. शिवाय कुणी काय केले याची नोंद ज्याच्या त्याच्या नावावर राहते. चौघांच्या बिऱ्हाडात याचे महत्त्व सांगायला नको.

दुसरे काम किल्लीचे. परवलीचा शब्द कितीही अवघड ठेवा, तो कुणीतरी ओळखू शकतो, चोरू शकतो, किंवा आपणच वहीच्या कव्हरवर लिहून ठेवतो. त्याऐवजी ‘एसएसएच-कीजेन’ ही आज्ञा दिली की दोन फायली तयार होतात. एक गुप्त, दुसरी जाहीर. याचे इंगित समजायला बँकेतली नमुना सही आठवावी. खाते उघडताना आपण बँकेत नमुना सही देऊन ठेवतो आणि पुढे दर वेळी केलेली सही तिच्याशी ताडली जाते. मात्र बँकेतला नमुना पाहून एखादा बहाद्दर हुबेहूब सही गिरवू शकतो. इथे गणिताची करामत अशी की, जाहीर फाईल जवळ असली तर सही खरी की खोटी ते ताडता येते, पण त्या फाईलवरून सही करता येत नाही. सही करण्याची शक्ती फक्त गुप्त फायलीत. सर्व्हरवर जाहीर फाईल ठेवायची. गुप्त फाईल आपल्या मोबाइलमधून कधीच बाहेर पडत नाही. मोबाइल हरवला तर काय, म्हणून गुप्त फायलीलाही एक परवलीचे वाक्य लावून ठेवावे. मी लावलेले वाक्य मराठीच आहे, रोमन अक्षरांत लिहिलेले. आमच्या आजीची एक खास शिवी त्यात आहे, तेव्हा ते कुणी ओळखील अशी भीती नाही.

किल्ली चालते आहे याची खात्री पटली की, मग परवलीच्या शब्दाने येणे आणि रूट म्हणून थेट येणे ही दोन्ही दारे एसएसएचच्या मांडणीच्या फायलीत बंद करायची. इथे दोन खाचा आहेत. एक म्हणजे, मुख्य फायलीच्या सोबतीला एका वेगळ्या फोल्डरमध्ये छोट्या फायली असतात, आणि उबुंटूत मुख्य फायलीआधी त्या वाचल्या जात असल्यामुळे त्यांचाच शब्द चालतो. मुख्य फायलीत ‘नो’ लिहून निश्चिंत झालेल्या माणसाचे दार शेजारच्या फायलीतल्या ‘येस’मुळे सताड उघडे राहिलेले असू शकते. तेव्हा ‘सुडो एसएसएचडी’ यापुढे आडवी रेघ आणि मोठा टी टंकून प्रत्यक्षात काय लागू आहे ते सर्व्हरलाच विचारावे. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: बदल केल्यावर उघडी खिडकी बंद करायची नाही. दुसरी खिडकी उघडून नव्याने आत शिरता येते का ते पाहायचे, आणि शिरता आले तरच पहिली मिटायची. कुलूप बदलताना एकाने घरात थांबावे, तसेच हे. एवढे करूनही बाहेर राहिलात तर कंपनीच्या पानावरची ती खिडकी असतेच. पण ती परसदाराची वाट, रोजची नव्हे.

एवढी बंदोबस्ताची हौस कशाला, आमचे जुने निबंध चोरून कुणाला काय मिळणार, असा प्रश्न आमच्यातल्याच एकाने केला होता. उत्तर सर्व्हरने दिले. प्रवेशाच्या नोंदी उघडून पाहिल्या तर पहिल्याच दिवशी कोण कुठले परके लोक दार ठोठावून गेलेले. ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’, ‘उबुंटू’, ‘ओरॅकल’ अशी नावे घेऊन एकामागून एक प्रयत्न. ही माणसे नव्हेत, यंत्रेच. त्यांना आपल्याशी वैर नाही. ती सगळ्या गावाची दारे ढकलून पाहत फिरतात. चार आकड्यांचे एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. ऐकायला अफाट; पण २०१३ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, योग्य प्रोग्राम आणि वेगवान जोडणी असेल तर एकच संगणक जगातल्या या सगळ्या पत्त्यांवरचे एकेक दार पाऊण तासाच्या आत ठोठावून येतो. तेव्हा आपण लहान, आडबाजूचे, आपल्याकडे कोण येणार, या समजुतीला इथे थारा नाही. आणि घुसणाऱ्याला निबंध नकोच असतात. त्याला तुमचे यंत्र हवे असते. तुमच्या पत्त्यावरून दुसऱ्यांना लुबाडायला, जगभर खोटी पत्रे धाडायला.

म्हणून भिंत. उबुंटूत ‘यूएफडब्ल्यू’ नावाचा रखवालदार मिळतो. सर्व्हरला ६५,५३५ दारे असतात आणि त्यांना क्रमांक असतात. आपल्याला लागतात तीन: २२ हे आपल्या येण्याजाण्याचे, ८० आणि ४४३ ही वाचकांची. बाकी बंद. क्रम मात्र चुकवू नये. आधी २२ ला परवानगी द्यायची, मगच रखवालदाराला कामावर रुजू करायचे. उलटे केले तर तो इमानेइतबारे धन्यालाच बाहेर ठेवतो.

तिसरे काम डागडुजीचे, आणि ते कधीच संपत नाही. ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ अशा दोन आज्ञा आहेत. पहिलीने फक्त बाजारात काय नवे आले आहे त्याची यादी येते. माल घरात येतो तो दुसरीने. पहिली देऊन ‘अपडेट केलं’ म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी भाजीची यादी करून स्वयंपाक झाल्याचे जाहीर केले, असे समजावे. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या आपोआप बसाव्यात अशी सोयही असते. ती चालू आहे ना ते पाहावे. गाभाच बदलला असेल तर सर्व्हर एकदा बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. आम्ही ते रविवारी पहाटे करतो, जरी त्या वेळी आमचे अंक वाचणारा जगात एकही मनुष्य नसतो.

पाने वाढणारा प्रोग्राम म्हणून आम्ही एंजिनएक्स घेतला. रशियाच्या इगोर सिसोयेव यांनी तो २००४ साली खुला केला. बसवायला एक ओळ पुरते. ब्राउझरमधल्या पत्त्याशेजारची कुलपाची खूण पूर्वी पैसे मोजून घ्यावी लागे. डिसेंबर २०१५ पासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था ती कुणालाही फुकट देते. तिची मुदत फार तर ९० दिवसांची, पण ‘सर्टबॉट’ नावाचा नोकर वेळेवर नूतनीकरण करून आणतो. मराठीचे म्हणाल तर यूटीएफ-८ ही पद्धत सर्वत्र ठेवली की प्रश्नचिन्हांचे थवे दिसत नाहीत. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. ‘स्त्री’ हा एवढासा शब्द सहा चिन्हांचा, म्हणजे अठरा बाइटांचा. तरीही अख्ख्या अंकाचा मजकूर एका साध्या छायाचित्राहून कमी जागेत बसतो.

आता मुख्य भीतीकडे येते. चोरापेक्षा मोठे भय आगीचे आणि आपल्याच हाताचे.

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या सर्व्हरांच्या इमारतीला मध्यरात्रीनंतर आग लागली. पाच मजली इमारत जळाली, शेजारच्या इमारतीलाही झळ पोचली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. पण ज्यांची प्रतही त्याच इमारतीत होती त्यांचे मूळही गेले आणि प्रतही गेली. भाड्याच्या अदृश्य खोलीलाही कुठेतरी खरे छप्पर असते आणि ते जळू शकते, हे त्या दिवशी अनेकांना कळले. दुसरी हकीकत ३१ जानेवारी २०१७ ची. गिटलॅब ही कंपनी प्रोग्राम लिहिणाऱ्यांचेच काम सांभाळते. तिथे अननुभवी कोण असणार? रात्री उशिरापर्यंत दुरुस्ती करणाऱ्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरचा माहितीकोश पुसायची आज्ञा मुख्य सर्व्हरवर दिली. लक्षात येईपर्यंत जवळजवळ सगळा कोश गेला होता. जतनाच्या पाच व्यवस्था कागदोपत्री होत्या. एकही वेळेला धड उपयोगी पडली नाही. त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी एक प्रत काढून ठेवली होती, तिच्यावर निभावले. कंपनीने हे सारे लपवून न ठेवता जगजाहीर केले, ही गोष्ट मला विशेष वाटते.

या दोन हकीकतींवरून आम्ही आमची पद्धत ठरवली. रोज रात्री ‘आरसिंक’ नावाची आज्ञा दिवसभरात बदललेल्या फायली दुसऱ्या कंपनीच्या दुसऱ्या शहरातल्या जागेत नेऊन ठेवते. महिन्यातून एकदा सगळे पेनड्राइव्हवर उतरवून तो ग्रंथालयाच्या कपाटात, त्याच जुन्या अंकांशेजारी. आणि दर तीन महिन्यांनी त्या प्रतीवरून एक अंक खरोखर पुन्हा उभा करून पाहायचा. लोणच्याची बरणी फडताळात आहे एवढ्यावर भागत नाही; झाकण उघडून बुरशी नाही ना ते पाहावे लागते. प्रत घेणे सगळेच सांगतात. ती परत काढून पाहण्याचा कंटाळा सगळेच करतात.

रोजचे काम म्हणाल तर दहा मिनिटांचे. डिस्क किती भरली, स्मृती किती उरली, एंजिनएक्स जागा आहे ना, नोंदींत काही वावगे दिसते का. डिस्क काठोकाठ भरली की सर्व्हर विचित्र वागू लागतो, आणि तिला भरवणाऱ्या बहुधा वाढत गेलेल्या नोंदीच असतात. तेव्हा आधी तिथे पाहावे. बाकी गोष्टी जशा येतील तशा शिकता येतात. प्रत्येक आज्ञेचे बाड ‘मॅन’ या आज्ञेने तिथल्या तिथे उघडते. इंग्रजी आहे, पण शेक्सपिअरइतके अवघड नाही.

खरी अडचण यांपैकी कशातच नाही. ती माणसांची आहे. आमच्या परिसरातल्या एका संस्थेने काही वर्षांपूर्वी जुन्या लोकगीतांचे संकेतस्थळ उभारले होते. म्हाताऱ्या बायकांकडून गाणी मिळवून, चाली ध्वनिमुद्रित करून घातल्या होत्या. माझ्या आजीची दोन गाणी त्यात होती. काम एका होतकरू तरुणाच्या हाती होते. त्याला नोकरी लागली, तो परगावी गेला. परवलीचे शब्द त्याच्याकडे, कंपनीची पत्रे त्याच्या जुन्या ईमेलवर, भाडे त्याच्या कार्डावर. मुदत संपली, स्मरणपत्रे कुणी वाचली नाहीत, आणि सगळे पुसले गेले. कुणी घुसले नाही, आग लागली नाही. आज त्या नावाच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात आहे. आजी दोन वर्षांपूर्वी गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही.

म्हणून आमच्या सर्व्हरची एक वही आहे, कागदाची. पत्ता, कंपनी, भाड्याची तारीख, नावाच्या नूतनीकरणाची तारीख, कोणता बदल कधी व का केला, प्रत कुठे आहे आणि ती परत कशी काढायची, हे सारे तिच्यात आहे. गुप्त किल्ली नाही आणि परवलीचा शब्द नाही. त्यामुळे वही कुणीही वाचावी. खाते कुणा एकाच्या नावाने न उघडता विभागाच्या ईमेलवर उघडले आहे, आणि तो ईमेल सरही उघडू शकतात. चौघांच्या चार वेगळ्या किल्ल्या. जो जाईल त्याची नमुना सही सर्व्हरवरून काढायची, बाकीच्यांचे काही बिघडत नाही. भाड्याचे पाचशे आम्ही दरमहा सव्वाशे-सव्वाशे काढून भरतो. वर्षाचे भाडे विभागाच्या खर्चात घालावे असा अर्ज दिला आहे. तो विचाराधीन आहे.

आमच्यातले दोघे तिसऱ्या वर्षाला आहेत. एप्रिलची परीक्षा झाली की ते जातील आणि आम्ही दोघी उरू. पुढच्या वर्षी आम्हीही जाऊ. कपाटात अजून एकोणीस अंक टंकायचे आहेत. तेव्हा प्रथम वर्षातले निदान दोघे हवे आहेत. संगणकाचे पूर्वज्ञान नको. शुद्धलेखन बरे असेल तर उत्तम. वही ग्रंथालयात संदर्भ विभागाच्या टेबलावर असते, शनिवारी दुपारी आम्हीही तिथेच असतो. येताना आपली किल्ली तयार करून आणावी; वर सांगितलेली एकच आज्ञा लागते. मात्र जाहीर फाईल तेवढी आमच्या हाती द्यावी. दुसरी मागितली तर आम्हालाही देऊ नये.